संस्थापक नसलेली संस्था : तैपेईच्या ट्रेझर हिलची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की पहिल्याच परिच्छेदात स्थापनेची तारीख, संस्थापकांची नावे आणि नोंदणीचा दाखला यावा लागतो. तैवानची राजधानी तैपेई. तिच्या दक्षिण भागातले ट्रेझर हिल कलाग्राम इथेच अडचणीत आणते. कागदोपत्री ते २ ऑक्टोबर २०१० रोजी सुरू झाले. पण ज्या घरांत ते सुरू झाले ती त्याआधी कित्येक दशके टेकडीच्या उतारावर उभी होती. बांधणाऱ्यांकडे परवानगी नव्हती, सातबारासारखा कुठला उतारा असण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यातले पुष्कळ जण चीनमधल्या यादवी युद्धात हरून आलेले शिपाई होते आणि महापालिकेच्या लेखी अतिक्रमण करणारे. संस्थापकांच्या तसबिरी लावायचे ठरवलेच, तर त्यांतले बहुतेक चेहरे गंजीफ्रॉकातले निघतील.

या संस्थेची कुळकथा म्हणजे एकाच टेकडीबद्दल सरकारने वेळोवेळी काढलेल्या कागदांची कथा आहे. जलस्रोताची राखीव जागा, लष्करी हद्द, उद्यानाचे आरक्षण, ऐतिहासिक वसाहत, कलाग्राम अशी टेकडीची ओळख बदलत गेली. प्रत्येक कागदात तिथल्या माणसाला नवे नाव मिळाले. माणूस मात्र तोच, दर वेळी थोडा अधिक म्हातारा झालेला.

तैपेई हे खोऱ्यात वसलेले शहर आहे. डोंगर त्याच्या चहूबाजूंनी आहेतच, शिवाय काही टेकड्या थेट शहरात घुसल्या आहेत. राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या परिसरातली बेडूक टेकडी त्यांपैकी एक. उंची सव्वाशे मीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या माणसाने हसून सोडून द्यावी एवढीच. तिच्याबद्दल एक आख्यायिका आहे. टेकडीवर एक दुष्ट बेडूक राहत असे आणि विषारी फुत्कार टाकून लोकांना छळत असे. ताओ पंथातल्या आठ सिद्धांपैकी ल्यू दोंगबिन याने त्याला वठणीवर आणले. या टेकडीला फांगलान, चोंगपू आणि फूचौ या टेकड्या लागून आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा शहरातल्या लोकांच्या रोजच्या वापरातल्या आहेत. लिनग्वांग मेट्रो स्थानकावर उतरायचे, फूचौ टेकडीच्या पायऱ्या चढायच्या आणि ५०८ मीटर उंचीची ‘तैपेई १०१’ ही इमारत डोळ्यांसमोर ठेवून झाडीतून चालत राहायचे. सकाळी या वाटांवर निवृत्त मंडळींची गर्दी असते.

बेडूक टेकडीकडून पश्चिमेला निघून रूझवेल्ट रोड ओलांडला की गोंगग्वानचा बाजार लागतो आणि त्याच्या मागे, शिनडियन नदीच्या काठी, एक बुटकी टेकडी. ट्रेझर हिल ती हीच. चिनी नाव बाओझांगयान. ते मुळात टेकडीच्या कुशीतल्या देवळाचे. देऊळ ग्वानयिनचे आहे. छिंग सम्राट कांगशी याच्या काळात, म्हणजे १६६२ ते १७२२ या दरम्यान ते उभे राहिले. तैपेईतल्या सर्वांत जुन्या देवळांत त्याची गणना होते. ग्वानयिन म्हणजे आपल्या लेण्यांमधला अवलोकितेश्वर, चीनमध्ये जाऊन स्त्रीरूप झालेला. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आठ भयांपासून भक्तांना सोडवणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे आणि त्या आठांत जहाज फुटण्याचे भयही आहे. समुद्र ओलांडून आलेल्या शिपायांना पायरीशी हीच देवता भेटली. हा निव्वळ योगायोग आहे, पण नोंदवून ठेवावा असा.

टेकडी मोकळी का राहिली होती, याचे कारण पाणी. अठराव्या शतकात ग्वो शिल्यू नावाच्या माणसाने शिनडियन नदीचे पाणी तैपेईच्या शेतीकडे वळवणारा कालवा काढायला घेतला आणि हा कालवा बेडूक टेकडीच्या पायथ्यावरून गेला. १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले. जपान्यांनी याच भागात शहराचा नळ-पाणीपुरवठा उभा केला. १९०८ मधले पंपघर आजही गोंगग्वानला आहे, खांबांच्या दिमाखदार अर्धवर्तुळासह. त्याचे आता संग्रहालय झाले असून नवी लग्न झालेली जोडपी तिथे छायाचित्रे काढून घेतात. जलस्रोताजवळची टेकडी म्हणून तिथे बांधकामाला मज्जाव होता. पुढे लष्करही आले. मज्जाव केलेली जमीन शहराच्या मध्यात असली की तिच्यावर एक दिवस गरीब माणसाचे घर उभे राहते. मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको.

१९४९ साली चिनी यादवी युद्धाचा निकाल लागला. चँग कै-शेक यांचे कुओमिंतांग सरकार डिसेंबरमध्ये तैपेईला येऊन थांबले. त्या एक-दोन वर्षांत दहा ते वीस लाख माणसे मुख्य भूमीवरून या बेटावर आली, असे वेगवेगळे अंदाज आहेत. त्यांत सुमारे सहा लाख सैनिक होते. कोणी शानडोंगचे, कोणी हुनानचे, कोणी सेचवानचे. पुष्कळांना गावातून जबरदस्तीने उचलून फौजेत घातलेले. एकाची बोली दुसऱ्याला कळत नव्हती आणि बेटावरच्या स्थानिकांची तर कोणालाच नाही. सरकार म्हणत होते, चार-पाच वर्षांत परत जायचे आहे. तेव्हा घर कशाला बांधायचे?

ज्यांच्यासाठी सरकारने घरे बांधली, त्यांच्या वसाहतींना तिथे ज्वेनत्सुन म्हणतात, म्हणजे सैनिकांच्या कुटुंबांची गावे. अशी आठशेहून अधिक गावे तैवानभर झाली. तैपेईतले पहिले १९४८ चे. छिंगदावहून आलेल्या शस्त्रास्त्र कारखान्याच्या कामगारांसाठी ते वसवले होते. हे ‘४४ दक्षिण ग्राम’ एलिफंट टेकडीच्या बाजूला होते. बाकीचे पाडले गेले, चार बैठ्या चाळी ठेवल्या आणि आता त्यांच्या मागे ‘तैपेई १०१’ दिसते म्हणून पर्यटक तिथे जमतात. ज्वेनत्सुनमधली घरे लहान होती, भिंती पातळ होत्या, पण घरे होती. मिळण्याची अट एकच: कुटुंब हवे.

ट्रेझर हिलची खरी मेख इथे आहे. १९५२ च्या नियमांनी साध्या शिपायाला लग्न करण्यास बंदी होती. फौज चढाईसाठी तयार असायला हवी, बायकामुलांचे लचांड नको, असा हिशेब. बंदी पुढे सैल झाली, पण तोवर तरुणपण सरले होते आणि शिपायाच्या पगारात संसार उभा राहत नव्हता. लग्न नाही म्हणून कुटुंब नाही, कुटुंब नाही म्हणून ज्वेनत्सुनमध्ये घर नाही. लष्करातून बाहेर पडल्यावर बराकीतला पलंगही गेला. अधिकारी आणि शिपाई एकाच जहाजातून उतरले असतील, पण सरकारी घरांच्या यादीत त्यांची गाठ पडली नाही.

सरकारने त्यांच्यासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ नोव्हेंबर १९५४ रोजी निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला आणि पुढे चँग यांचे पुत्र चँग चिंग-क्वो यांनी तो चालवला. सैनिकांना ‘रोंगमिन’, सन्मानित नागरिक, अशी पदवी मिळाली. त्यांच्यासाठी रुग्णालये निघाली, वृद्धाश्रम निघाले. रोजगार म्हणून त्यांना डोंगर फोडायला लावले. १९५६ ते १९६० या काळात बेट आडवे छेदणारा मध्य महामार्ग दहा हजारांवर निवृत्त सैनिकांनी बांधला, बराचसा सुरुंग, पहार आणि घमेल्याच्या जोरावर. दोनशेहून अधिक माणसे त्या कामात मेली. तारोको घळीत त्यांच्या स्मरणार्थ मंदिर आहे, त्याच्या पायथ्यातून धबधबा वाहतो आणि बसमधून उतरणारे पर्यटक त्याचे फोटो काढतात. आणखी एक आश्वासन होते: मुख्य भूमी परत जिंकली की प्रत्येक सैनिकाला तिथे जमीन मिळेल. १९५१ च्या कायद्याने हे ठरले आणि त्याची प्रमाणपत्रेही वाटली गेली. शत्रूच्या ताब्यातल्या जमिनीचा कागद ट्रंकेत जपून माणसे म्हातारी झाली. शेवटी १९९० च्या कायद्याने त्या कागदांच्या बदल्यात रोख भरपाई देण्याचे ठरले.

ट्रंक ठेवायला जागा हवी, म्हणून ट्रेझर हिल. १९४९ पूर्वी त्या उतारावर जेमतेम पाच-सहा घरे होती. १९६० आणि ७० च्या दशकांत ती भराभर वाढली आणि ऐन भरात दोनशेहून अधिक कुटुंबे तिथे नांदत होती. बांधणीची पद्धत साधी होती. नदीतले गोटे, जुन्या विटा, कोठून तरी मिळालेले लाकूड, वर पत्रा. आधी एक खोली. नोकरी टिकली तर दुसरी. बायको आली तर मोरी. आराखडा कोणी काढला नाही, उतारानेच तो काढून दिला. खालच्या घराचे छप्पर वरच्या घराचे अंगण झाले, दोन भिंतींमधली फट जिना झाली. पाहुण्याला वाट सापडत नाही आणि रहिवाशाला डोळे मिटून सापडते, अशी ही रचना आहे. पुढे परदेशी वास्तुविशारदांनी तिच्यावर लेख लिहिले. बांधणाऱ्यांनी मात्र त्या वेळी पावसाचाच विचार केला होता. तैवानला दरवर्षी टायफून येतात.

शिपायांबरोबर इतरही आले. दक्षिणेकडच्या खेड्यांतून रोजगारासाठी आलेली कुटुंबे आली, स्वस्त खोली शोधणारे विद्यापीठातले विद्यार्थी आले. उशिरा लग्न केलेल्या शिपायांच्या बायका बहुधा गरीब स्थानिक घरांतल्या असत, काही आदिवासी होत्या, आणि नव्वदच्या दशकानंतर मुख्य भूमीवरूनही आल्या. नवरा-बायकोत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर ही तिथली नेहमीची गोष्ट. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत भाजीचे वाफे होते. ही निव्वळ सैनिक वसाहत नव्हती, पण तिचा स्वभाव शिपायांनी ठरवला. नावनोंदणी सैन्यातल्यासारखी आणि भांडणे गावातल्यासारखी.

१५ जुलै १९८७ रोजी अडतीस वर्षांचा लष्करी कायदा उठला. त्याच वर्षी निवृत्त सैनिक रस्त्यावर उतरले होते. ‘घरी जाऊ द्या’ एवढीच मागणी. २ नोव्हेंबरपासून रेडक्रॉसमार्फत भेटीचे अर्ज घेणे सुरू झाले. चाळीस वर्षांनी माणसे गावी पोचली तेव्हा पुष्कळांचे आईवडील गेलेले होते, मागे ठेवलेल्या बायकांनी दुसरे घर केले होते, आणि ‘तैवानहून आलेला श्रीमंत काका’ म्हणून पुतणे हात पुढे करून उभे होते. काही तिथेच राहिले. बहुतेक परत आले, आणि ट्रेझर हिलवरचे तात्पुरते घर त्या दिवशी कायमचे झाले.

ते कायमचे झाले तेव्हा त्याच्यावर कुऱ्हाड आधीच पडलेली होती. १९८० मध्ये महापालिकेने टेकडीवर उद्यानाचे आरक्षण टाकले: उद्यान क्रमांक २९७. कागद दहा-बारा वर्षे पडून होता. मग नव्वदच्या दशकात जागा रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या. शहराला हिरवळ हवी होती आणि त्यात चूक काही नव्हते. या भागात मोकळी जागा कमी आहे आणि नदीपुराचा धोकाही खरा होता. प्रश्न एवढाच होता की ऐंशीच्या घरातला एकटा माणूस भरपाईची रक्कम घेऊन तैपेईत कुठे जाणार? त्याच्याकडे मालकीचा कागद नव्हता, त्यामुळे भरपाईही बेताचीच.

उत्तर दुसऱ्या वस्तीने दिले, आणि ते भयंकर होते. शहराच्या मध्यभागी, जपानी काळातल्या स्मशानभूमीवर अशीच एक शिपायांची वस्ती होती. तिच्यावर उद्यान क्रमांक १४ आणि १५ चे आरक्षण होते. १९९७ च्या मार्चमध्ये महापौर चेन श्वी-ब्येन यांच्या कारकिर्दीत ती पाडली गेली. पाडण्याआधी एका वृद्ध शिपायाने गळफास घेतला. विद्यापीठाच्या वास्तू व नियोजन संस्थेतले विद्यार्थी आणि अध्यापक या लढ्यात उतरले होते आणि हरले होते. आज तिथे सुंदर उद्यान आहे. ते सुंदर आहे हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

हरलेली मंडळी ट्रेझर हिलकडे वळली. त्यांच्यात ‘ओअर्स’ ही शहर-सुधारणेचे काम करणारी व्यावसायिकांची संघटना होती. १९८९ साली घरांच्या भडकलेल्या भावांविरुद्ध हजारो तैपेईकर महागड्या रस्त्यावर रात्रभर झोपले होते. त्या ‘बिनशंखाच्या गोगलगाई’ आंदोलनातून ही संघटना निघाली. त्यांनी या वेळी डावपेच बदलले. ‘गरिबांची घरे पाडू नका’ म्हणून काम होत नाही, हे कळून चुकले होते. ‘हा शहराचा वारसा आहे’ असे म्हटले तर? १९९७ मध्येच ग्वानयिनच्या देवळाला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला होता. देवळाला लागून असलेल्या वसाहतीवर बुलडोझर घालणे आता तितके सोपे राहिले नव्हते. देवीने भिंत राखली म्हणायचे, आणि वकिलांनी बाकीचे.

१९९९ मध्ये तैपेईने सांस्कृतिक विभाग सुरू केला आणि त्याची पहिली प्रमुख म्हणून लेखिका लुंग यिंग-ताय यांना बोलावले. त्या स्वतः हुनानमधून आलेल्या एका लष्करी माणसाची मुलगी. पुढे २००९ मध्ये त्यांनी १९४९ च्या पळापळीवर मोठे पुस्तक लिहिले, ते चिनी वाचकांत प्रचंड गाजले. विभागाने वसाहत जतन करण्याचा विचार उचलून धरला. तोवर नदीकडच्या खालच्या काही ओळी मात्र पाडून झाल्या होत्या. त्या घरांची नावनिशाणी उरली नाही.

२००३ मध्ये फिनलंडचे वास्तुविशारद मार्को कासाग्रांदे तिथे आले. कलाकारांना बोलावून वस्तीत काम करवण्याच्या महापालिकेच्या उपक्रमात त्यांना पाचारण केले होते. त्यांनी नवे काही बांधायला घेतले नाही. साचलेला कचरा विद्यार्थी आणि रहिवासी यांच्याबरोबर उपसला, लाकडी जिने केले, सोडून दिलेल्या घरांच्या चौथऱ्यांवर भाजीचे मळे पुन्हा उभे केले. त्यांच्याविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले, आणि बाहेरच्या जगात ट्रेझर हिल त्यांच्याच नावाने ओळखले जाते. माझ्या मते हे श्रेय थोडे जास्त आहे. ते येण्यापूर्वी कित्येक वर्षे विद्यार्थी नकाशे काढत होते, घरोघर जाऊन नोंदी करत होते, सुनावण्यांना उभे राहत होते. पण गोऱ्या पाहुण्याने कौतुक केल्यावर अधिकाऱ्यांना आपल्याच वस्तीत सौंदर्य दिसू लागते, हा अनुभव तैपेईपुरता नाही.

२००४ मध्ये वसाहतीची ऐतिहासिक म्हणून नोंद झाली. मग उतार पक्का करणे, नाल्या, वीज, आग विझवण्याची सोय यांसाठी घरे रिकामी करावी लागली. दुरुस्ती लांबली. दरम्यानच्या काळात काही रहिवाशांनी भरपाई घेतली आणि कायमचे गेले, काही वारले. दोनशेहून अधिक कुटुंबांच्या वस्तीत परत येऊन राहिली ती वीसेक कुटुंबे. स्मरणिकेत हा आकडा ठळक अक्षरात छापायला हवा.

२ ऑक्टोबर २०१० रोजी कलाग्राम सुरू झाले. रचना तीन पदरी होती. जुन्या रहिवाशांची घरे, देशोदेशीच्या कलाकारांना काही महिने राहून काम करण्यासाठी दिलेल्या खोल्या, आणि तरुण प्रवाशांसाठी वसतिगृह. व्यवस्थापन तैपेई सांस्कृतिक प्रतिष्ठानाकडे. जुने रहिवासी आता महापालिकेचे भाडेकरू झाले. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या घराचे भाडे भरायचे, हे त्यांच्यातल्या काहींना अखेरपर्यंत पचले नाही. दुसरीकडे, पहिल्यांदाच त्यांच्या हाती घराविषयी सरकारी शिक्क्याचा कागद आला. २०११ मध्ये शहराच्या वारसा यादीत ट्रेझर हिलची ‘वसाहत’ या वर्गात नोंद झाली. वर्गाचे नाव महत्त्वाचे आहे. एकेक वास्तू नव्हे, तर घरे, जिने, उतार, शेत यांचा एकत्रित मेळ राखायचा, हे त्यात मान्य झाले.

कलाकार आणि रहिवासी यांचे सदैव गूळपीठ जमले, असे भासवण्यात अर्थ नाही. सुट्टीच्या दिवशी कॅमेरे घेऊन आलेले लोक खिडकीतून आत डोकावतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हा तमाशा नको असतो. वाटांवर शांतता राखा, घरांत शिरू नका, अशा पाट्या लागल्या. उलट, तिथल्या प्रकाशोत्सवाच्या दिवसांत कलाकारांनी रहिवाशांच्या आठवणींवर काम केले आहे, आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरातले नूडल्स पाहुण्या चित्रकाराच्या ताटात गेलेही आहेत. संस्था म्हणून पाहिले तर ट्रेझर हिलचे यश इथेच मोजावे लागेल. घरे उभी राहिली हे यश निर्विवाद आहे. शेजार उभा राहिला का, याचे उत्तर घरोघरी वेगळे मिळते.

या सगळ्याचा पुढचा अंक बेडूक टेकडीवर घडला. तिच्या पायथ्याला ह्वानमिन नावाची हवाई दलाच्या माणसांची वसाहत पन्नासच्या दशकात बांधली गेली होती, आणि तिच्या कडेकडेने, उतारावर चढत, ट्रेझर हिलसारखीच स्वतः बांधलेली घरे. टेकडीच्या पोटात हवाई दलाचे नियंत्रण केंद्र, त्यामुळे डोंगर खोदला गेला नाही आणि झाडी टिकली. जमीन पुढे शेजारच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाकडे गेली, ह्वानमिनमधले रहिवासी हलवले गेले आणि २०१३ मध्ये पाडकामाची वेळ आली. ते अडवायला परिसरात राहणारे लोक, विद्यार्थी आणि चित्रपट क्षेत्रातली मंडळी पुढे झाली. दिग्दर्शक हौ श्याओ-शिएन यांनी १९८७ चा ‘डॉटर ऑफ द नाइल’ तिथेच चित्रित केला होता. त्यांच्या ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ला १९८९ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, त्यामुळे शब्दाला वजन होते. त्यांनी वसाहत वाचवण्याला जाहीर पाठिंबा दिला. २०१४ मध्ये बेडूक टेकडीची ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून नोंद झाली. डोंगर, कालव्याची जागा, जपानी काळातल्या कृषी संशोधन केंद्राच्या खुणा, लष्करी हद्द आणि शिपायांची घरे, सगळे एका नोंदीत आले. ट्रेझर हिलसाठी चौदा-पंधरा वर्षे लागली, बेडूक टेकडीसाठी एक-दीड. पहिल्या लढाईने दुसरीची वाट मोकळी केली, हे सरळ आहे. फरकही ध्यानात घ्यावा: ह्वानमिनच्या चाळी वाचल्या तेव्हा त्यांतली माणसे आधीच निघून गेलेली होती.

पायवाटेने पूर्वेकडे, फूचौ टेकडीच्या दिशेने गेले की एक वेगळाच इतिहास लागतो. ही टेकडी पूर्वी कबरींनी भरलेली होती. बहुतेक हलवून तिथे उद्यान केले गेले. जवळच ल्यूझांगलीच्या दफनभूमीत १९९३ मध्ये, आपल्या भावाची कबर वर्षानुवर्षे शोधणाऱ्या एका माणसामुळे, दोनशेहून अधिक लहान कबरी उजेडात आल्या. पन्नासच्या दशकात राजकीय गुन्ह्यांखाली गोळ्या घातलेल्यांच्या त्या कबरी होत्या. गवतात बुडालेल्या, वीतभर उंचीच्या दगडांवर नावे. त्यांच्यात बेटावरचे तरुण होते, तसे मुख्य भूमीवरून आलेलेही होते. त्याच परिसरातल्या मुस्लिम दफनभूमीत सेनापती पाय चोंग-शी यांची कबर आहे. १९६६ मध्ये ते वारले. कबर प्रशस्त आणि देखणी आहे. त्यांचे पुत्र पाय श्येन-युंग यांनी १९७१ च्या ‘तैपेई पीपल’ या कथासंग्रहात हरून आलेल्या पिढीची चित्रे रेखाटली, त्यांत सेनापतीही आहेत आणि ऑर्डर्लीही. सेनापती, गोळ्या खाल्लेले बंदी आणि बिनपरवान्याचे घर बांधणारा शिपाई हे तिघे दोन-तीन किलोमीटरच्या टापूत राहतात. एका सकाळच्या फेरफटक्यात तिघांची गाठ पडते, पण तिघांची माहिती एकत्र सांगणारी पाटी लागायला हवी.

१९४९ मध्ये अठरा वर्षांचा असलेला शिपाई आज नव्वदी पार करून गेला आहे. ट्रेझर हिलच्या मूळ बांधणाऱ्यांपैकी हयात असलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच उरणार. ज्या घरातला माणूस जातो ते घर पुढे कोणाला द्यायचे, हा संस्थेपुढचा खरा प्रश्न आहे. कलाकाराला दिले तर दालने वाढतील आणि वस्ती संपेल. मुलांना दिले तर ‘वारसाहक्काने अतिक्रमण’ अशी टीका होईल. माझे मत असे की शहरातल्या घर नसलेल्या गरजूंना ती भाड्याने द्यावीत. ज्या कारणासाठी ती बांधली गेली, त्याच कारणासाठी ती वापरात राहतील आणि भाजीच्या वाफ्यांना पाणी घालणारा हातही मिळेल. विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली मूळ कल्पना बरीचशी हीच होती.

तैपेईला जाण्याचा योग आला तर हिरव्या मेट्रो मार्गावर गोंगग्वानला उतरावे. आधी देवळात जावे, मग जिन्याने वर. राहती घरे बाहेरूनच पाहावीत आणि अंगणात बसलेल्या माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. प्रवेशाला तिकीट नाही. सोमवारी दालने बंद असतात.